छातीतली धडधड, सिव्हिलची ओपीडी आणि एक दोनशे पानी वही

अँक्झायटी आणि पॅनिक ॲटॅकसाठी चालू असलेलं माझं काउन्सेलिंग जानेवारीच्या शेवटी संपलं. गोळी अजून चालू आहे. बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं, पण सप्टेंबरमध्ये मी रात्री रात्री मोबाईलवर शोधत होतो तेव्हा मराठीत जे मिळालं ते सगळं "सकारात्मक विचार करा, भरपूर पाणी प्या, योगा करा" या छापाचं. कुठल्या डॉक्टरकडं जायचं, पैसे किती लागतात, गोळी कधी लागू पडते, घरच्यांना काय सांगायचं, हे कोणीच सांगत नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो, सोबत एक्सपोर्टची कागदपत्रं पण माझ्याकडंच. आमचा बराचसा माल अमेरिकेला जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सोलापुरात कोणाला सांगायला नको. ७ तारखेला अमेरिकेनं २५ टक्के टॅरिफ लावला आणि २७ ला तो ५० टक्क्यांवर गेला. तिकडच्या पार्टीचे मेल यायला लागले, माल थांबवा, रेट कमी करा, बघू नंतर. आमच्याकडं दोन पाळ्यांची एक झाली. पगारपत्रक मी करतो, म्हणजे कोणाचे किती दिवस भरले, कोणाचे किती कापले ते माझ्याच हातनं टाइप व्हायचं, आणि ती माणसं काय अनोळखी नाहीत, पूर्व भागातली, पंधरा पंधरा वर्षं रोज एकमेकांना बघतोय. संध्याकाळी फोन यायचे, "साहेब, सोमवारी काम हाय का?" मला काय माहीत. माझाच पगार दोन हप्त्यांत येत होता आणि जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा ईएमआय मात्र पाच तारखेला बरोब्बर कापला जायचा.

सुरुवात झोपेपासून झाली. झोप लागायची पण तीन-साडेतीनला टक्क जाग यायची आणि डोक्यात आकडे सुरू. ॲसिडिटी, जबडा आवळलेला, मानेत दुखणं. पोरगी गणित विचारायला आली तरी अंगावर ओरडायचो. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही ऐकताय का मी काय बोलतेय?" आणि मी खरंच ऐकत नसायचो. हे सगळं मी थकवा म्हणून सोडून दिलं, सगळेच सोडून देतात.

११ सप्टेंबरला रात्री छातीत धडधड सुरू झाली ती थांबेचना. हात गार, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, आणि आता आपण जाणार हे शंभर टक्के नक्की वाटलं. मित्राला फोन केला, तो गाडी घेऊन आला, जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी, रक्तातली ट्रोपोनिन टेस्ट, काही तासांनी परत ईसीजी, सगळं नॉर्मल. बिल नऊ हजारांच्या आसपास. सकाळी सांगितलं, गॅस असेल, टेन्शन घेऊ नका. बास, एवढंच. टेन्शन घेऊ नका म्हणजे नक्की काय करू हे विचारायचं त्या वेळी सुचलं नाही. (छातीत दुखलं तर हार्ट तपासून घेणं हे बरोबरच आहे, त्या नऊ हजारांबद्दल माझी तक्रार नाही. "टेन्शनच असेल" असं घरी बसून ठरवू नका, ते ईसीजीला ठरवू द्या.)

मेडिक्लेमचं इथंच सांगून टाकतो कारण मी अकाउंट्सवाला. बिल कंपनीकडं पाठवलं, २४ तास ॲडमिट नव्हतो म्हणून क्लेम बसला नाही, नियमात तसंच आहे. पण त्या निमित्तानं पॉलिसी वाचली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा देता तसाच मानसिक आजारालाही द्यायचा. म्हणजे ॲडमिट व्हायची वेळ आली तर "हे मानसिक आहे, बसत नाही" असं नुसतं म्हणता येत नाही. ओपीडीचा खर्च मात्र बहुतेक साध्या पॉलिसींत नसतो, कोणताच नसतो. तुमच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते एकदा बघून ठेवा.

मग आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सीबीसी, शुगर, बी-१२ आणि थायरॉईडची टीएसएच करायला लावली. थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड आणि घाबरायला होतं म्हणे, ॲनिमियात पण. लॅबचं बिल दीड हजाराच्या पुढं. रिपोर्ट चांगले आले तर मला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली, म्हणजे मग आहे काय? डॉक्टर सरळ म्हणाले, "हा पॅनिक ॲटॅक होता. सायकियाट्रिस्टला दाखवा. मी झोपेची गोळी लिहून देऊ शकतो पण त्यानं हे मिटणार नाही."

सायकियाट्रिस्ट हा शब्द ऐकल्यावर पुढचे दोनेक आठवडे मी काहीच केलं नाही. दसरा होऊ दे, ऑडिटचं काम संपू दे. त्यातच २२-२३ सप्टेंबरला सीनेला पूर आला, मामाचं शेत मोहोळ तालुक्यात, ऊस आणि सोयाबीन दोन्ही पाण्यात, लांबोटीपाशी पुणे रोड बंद, मामाचा फोन लागेना, आई देवापुढं बसून. मी घरातला मोठा म्हणून सगळे माझ्याकडं बघतायत आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून बसलोय, कारण परत तीच धडधड. ॲटॅकपेक्षा पुढचा ॲटॅक कधी येईल याची भीती जास्त त्रास देते, ज्यांना झालंय त्यांना कळेल.

त्या आठवड्यात एका रात्री गच्चीवर जाऊन १४४१६ ला फोन केला. हा टेली-मानस, केंद्र सरकारचा मानसिक आरोग्याचा हेल्पलाइन नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि फुकट. आधी रेकॉर्डेड आवाज येतो, भाषा निवडायची, मराठी आहे. मग एक बाई बोलल्या, आवाजावरून तरुण वाटल्या. मी सुरुवातच अशी केली की "तसं काही विशेष नाही," आणि मग अर्धा तास बोलत होतो. त्यांनी मधेच अगदी साध्या आवाजात विचारलं, "जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" मी दचकलो. नाही म्हणालो, पण झोपेतच गेलो तर बरं असं दोन-तीनदा वाटलं होतं तेही सांगून टाकलं. त्या घाबरल्या नाहीत, उपदेशही केला नाही, उलट मोकळं वाटलं. कोणी असं विचारलं तर लपवू नका आणि आपल्या माणसाबद्दल शंका आली तर विचारायला घाबरू नका. विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही, हे नंतर डॉक्टरांनीही सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, सोलापुरात मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, या आठवड्यात जा, पुढच्या नको.

सोमवार, ६ ऑक्टोबर. सिव्हिल, म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. खाजगीत का नाही गेलो? खरं सांगायचं तर एक म्हणजे पैसे, आणि दुसरं म्हणजे खाजगी क्लिनिकच्या वेटिंगमध्ये ओळखीचं कोणी भेटलं तर, ही भीती. सिव्हिलच्या गर्दीत कोण कोणाला बघतंय. सकाळी लवकर जा, आधार कार्ड ठेवा, केस पेपर काढायचा, त्याचे पैसे किरकोळ असतात, आणि खिडकीवर "मानसोपचार" असं स्पष्ट सांगा. मी पुटपुटलो तर मागच्या माणसानंच मोठ्यांदा सांगितलं, "ओ मॅडम, मानसोपचार म्हणतायत ते!" सगळ्या रांगेला कळलं. आणि काहीही झालं नाही. कोणी वळूनही बघितलं नाही, प्रत्येकाला आपल्या गुडघ्याची नाहीतर पोराच्या तापाची पडलेली.

नंबर यायला दोन-अडीच तास गेले. सोलापूरच काय, धाराशिव, लातूर, पार कर्नाटकातून माणसं येतात इथं, त्यामुळं गर्दी असणारच. माझ्या डोक्यात त्या ओपीडीचं जे चित्र होतं, सिनेमात दाखवतात तसलं, तसं तिथं काहीच नव्हतं. एक कॉलेजचा पोरगा, एक बाळंतीण आणि तिची आई, दारू सोडायला आलेले दोघं, एक मास्तर. आधीचे सगळे रिपोर्ट मी फाइलमध्ये तारखेवार लावून नेले होते, त्याचा फार उपयोग झाला, परत टेस्ट कराव्या लागल्या नाहीत. आधी ज्युनियर डॉक्टरांनी सगळी हिस्टरी घेतली, झोप, भूक, दारू, तंबाखू, घरात कोणाला असा त्रास होता का. जीएडी-७ नावाचा एक कागद भरून घेतला. सात प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण २१. दहा आणि वर म्हणजे मध्यम, पंधरा आणि वर म्हणजे तीव्र. माझे १६ आले. शाळेत कधी नव्हते एवढे चांगले मार्क. मग मोठ्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, जनरलाइज्ड अँक्झायटी, म्हणजे सतत सगळ्याच गोष्टींची न थांबणारी काळजी, आणि सोबत पॅनिक ॲटॅक. नाव कळल्यावर अर्धं ओझं उतरलं.

गोळी दिली एस्सिटालोप्राम, सुरुवातीला कमी डोस, मग वाढवून. आणि पहिल्या काही दिवसांपुरती क्लोनाझेपाम, ती सवय लागणारी असते म्हणून थोडीच लिहून दिली. ही दुसरी गोळी मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही आणि रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो, घाबरू नका, तो नियम आहे. (माझी गोळी बघून कोणी स्वतःच्या मनानं घेऊ नका ही विनंती. प्रत्येकाचं वेगळं असतं.) डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या: फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थपणा वाढू शकतो, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही.

तो पहिला आठवडा वाईट गेला. जेवणाचा वास नको वाटायचा, झोप अजूनच उडाली, सारखं वाटायचं की ही गोळी आपल्याला सोसत नाहीये. आधी सांगितलेलं होतं म्हणून तग धरला, नाहीतर तिसऱ्या दिवशी गटारात फेकली असती. जेवणानंतर घ्यायला लागलो तशी मळमळ कमी झाली. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. कारखान्यात बोनस निम्माच मिळाला, एकाएकाला पाकीट देताना त्यांच्या तोंडाकडं बघवेना, पण त्या रात्री मी सलग सहा तास झोपलो. गोळीनं झालं का दमून झालं माहीत नाही.

आईला काय सांगायचं हा मोठाच प्रश्न होता. तिला "झोपेचा त्रास आहे, गोळी चालू केलीय" एवढंच सांगितलं. तिनं मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली, सिद्धेश्वरला जाऊन आली, अंगारा आणला. मी सगळं करू दिलं. दृष्टही काढून घेतली आणि गोळीही घेतली, दोघांचं भांडण लावायचं कारण काय. मित्राचं वेगळं. "एवढं कशाचं टेन्शन घेऊलालास बे, चल पुण्याला जाऊन येऊ दोन दिवस." मी त्याला सांगितलं, पुण्याला नको, तू रोज संध्याकाळी माझ्याबरोबर कंबर तलावावर चालायला चल आणि कारखान्याचा विषय काढू नको. तो खरंच यायला लागला, अजून येतो. लोकांना मदत करायची असते पण काय करायचं ते कळत नाही, म्हणून आपणच काम नेमून द्यावं हे मला फार उशिरा सुचलं.

नोव्हेंबरपासून काउन्सेलिंग. सिव्हिलमध्येही समुपदेशन होतं पण मला दिवसा सुट्ट्या घेणं जमेना, म्हणून संध्याकाळी वेळ देणाऱ्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडं गेलो. सेशनचे ८०० रुपये, आठवड्यातून एकदा, नंतर पंधरवड्याला. महिन्याला तीन हजाराच्या वर जाणारा खर्च, मला जड गेला, बायकोनं भिशीतले पैसे पुढं केले. कोणाकडं जायच्या आधी त्यांचं शिक्षण आणि रजिस्ट्रेशन विचारा, "काउन्सेलर" पाटी कोणीही लावतं.

मला वाटलं होतं लहानपणाबद्दल विचारतील आणि मी रडेन. तसं काही झालं नाही, होमवर्क मिळाला. या पद्धतीला सीबीटी म्हणतात, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी तपासून बदलायच्या. दोनशे पानी वही घ्यायची आणि घाबरायला झालं की लिहायचं: काय घडलं, मनात कोणता विचार आला, भीती शंभरात किती, त्या विचाराच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय. मी बघितलं आणि म्हणालो, "मॅडम, ही तर रोजकीर्द झाली." त्या हसल्या, म्हणाल्या, "मग तुम्हाला सोपं जाईल." आणि गेलंच. "कारखाना बंद पडणार, फ्लॅट जाणार, पोरांची शाळा सुटणार" ही एंट्री मी रोज रात्री तीन वाजता टाकत होतो आणि व्हाउचर एकाचंही नव्हतं. पुराव्याच्या कॉलममध्ये लिहायला बसलं की कळायचं, पगार उशिरा येतोय पण येतोय, एक हप्ता चुकला म्हणून बँक लगेच घर घेत नाही. म्हणजे काळजी खोटी होती असं नाही हां. टॅरिफ खरा होता. मॅडमनी ते कधीच नाकारलं नाही, "जे खरं आहे त्याचं काय करता येईल" असं दुसऱ्या पानावर वेगळं लिहायला लावलं. त्या पानावरूनच मी बँकेत जाऊन विचारपूस केली, बायकोबरोबर बसून महिन्याचा खर्च कागदावर मांडला, आणि दोन दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरायचं काम घेतलं.

दुसरं म्हणजे काळजीची वेळ ठरवायची. माझी संध्याकाळी साडेसहा ते सात. दिवसभरात काही मनात आलं तर वहीत एक ओळ लिहून ठेवायची आणि साडेसहाला बसून मनसोक्त काळजी करायची. ऐकायला येडपटासारखं वाटतं. पहिले काही दिवस जमलंच नाही, नंतर साडेसहाला बसल्यावर कित्येक ओळी शिळ्या वाटायला लागल्या.

सगळ्यात अवघड होतं घड्याळ. माझ्याकडं स्मार्टवॉच होतं, मनगट वळवून सारखा पल्स बघायचो, ८८ दिसला की भीती, भीतीनं १०४, मग अजून भीती. जिने चढणं तर सोडूनच दिलं होतं, धडधड होते म्हणून. मॅडमनी घड्याळ कपाटात ठेवायला लावलं आणि मुद्दाम जिने चढायला लावले. डॉक्टरांना विचारून, ईसीजी नॉर्मल होता म्हणून, हे लक्षात ठेवा. चौथ्या मजल्यापर्यंत चढायचं, धडधड होऊ द्यायची, बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. पहिल्यांदा मी जिन्याचा कठडा घट्ट धरून उभा होतो आणि वरून एक शेजारीण म्हणाल्या, "लिफ्ट बंद आहे का?" हो म्हणालो. आठवड्याभरात धडधड लवकर उतरायला लागली, शरीराला कळलं की यात मरत नाही. श्वासाचा व्यायाम पण होता, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पण मॅडम म्हणायच्या तो ॲटॅक पळवून लावायला वापरू नका, रोज दात घासल्यावर करा.

डिसेंबरमध्ये एकदा मधेच घसरलो. आमचा एक कंटेनर न्हावाशेवा बंदरात अडकला, तीन रात्री झोप नाही, ॲटॅक परत आला. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. फॉलोअपला डॉक्टर म्हणाले असं होतंच, डोसही बदलला नाही. यावेळी मी कॅज्युअल्टीत गेलो नाही, खुर्चीत बसून राहिलो, वीसेक मिनिटांत तो गेला. सकाळी कामावर हजर.

जानेवारीत गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची यात्रा. दरवर्षी जातो, यंदा नको म्हणत होतो, नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली गर्दी, हलग्या, त्यात श्वास अडकला तर. मॅडमनी तोच होमवर्क दिला. आधी एका संध्याकाळी नुसतं होम मैदानावर स्टॉलमधून फिरून आलो, मग अक्षता सोहळ्याला पांढरी बाराबंदी घालून संमती कट्ट्याजवळ, पण कडेला. एकदा छातीत सुरू झालं, आईचा हात धरला, तिला वाटलं तिला सांभाळतोय. शोभेचं दारूकाम पोरांना खांद्यावर घेऊन बघितलं.

शेवटच्या सेशनला जीएडी-७ परत भरला, ५ आले. शून्य नाही आले, आणि मॅडम म्हणाल्या शून्य कोणाचेच येत नाहीत, या वर्षात तर नाहीच. ऑर्डरी अजून पूर्वीसारख्या नाहीत. ज्यांची पाळी कापली त्यातले काही जण सुरत, भिवंडीला गेले. ऑफिसात मी फक्त माझ्या वरच्या साहेबांना सांगितलं, तेही मेडिकल सर्टिफिकेट द्यायचं होतं म्हणून. त्यावर आजाराचं नाव किती सविस्तर लिहायचं ते डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, सगळं ऑफिस वाचतं. साहेब गप्प बसले, मग विचारलं, "कुठल्या डॉक्टरकडं जातोस रे?" दुसऱ्या दिवशी नंबर लिहून मागितला.

गोळी अजून काही महिने चालेल, बरं वाटायला लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते आणि मग हळूहळू कमी करतात. फॉलोअपला जाताना जुना केस पेपर न्यायचा, नाहीतर परत नवीन काढावा लागतो. मी तो वहीच्या पुठ्ठ्यात घालून ठेवलाय. पुढची तारीख मार्चमधली आहे, इयर एंडच्या कामात अडकायच्या आधी सकाळी जाऊन येणार. कोणाला पहिल्यांदा जायचंय आणि एकट्यानं जायला नको वाटत असेल तर कळवा, त्या दिवशी मी रांगेत असेनच.